पांढऱ्या कड्याचं क्वाक्वा

दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने कृष्णवर्णीयांसाठी दहा 'होमलँड' आखली होती. त्यातलं क्वाक्वा सगळ्यांत लहान, ड्राकेन्सबर्ग पर्वतरांगेच्या कुशीत, लेसोथोच्या सीमेला चिकटलेलं. त्याचं नाव मात्र कुणा मंत्र्याच्या डोक्यातून निघालेलं नाही. ते पडलं गिधाडांच्या शिटेवरून, असं मानतात.

इथल्या आद्य रहिवाशांनी, सान लोकांनी, एका वालुकाश्माच्या डोंगराला 'क्वाक्वा', म्हणजे 'पांढऱ्याहून पांढरा' म्हटलं. केप गिधाडं थव्याने कड्यांवर घरटी करतात आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच जागा धरून राहतात. शरीरातला नको असलेला नायट्रोजन आपण युरियाच्या रूपात, पाण्यात विरघळवून बाहेर टाकतो. पक्षी तो युरिक आम्लाच्या रूपात टाकतात. हे आम्ल पाण्यात जेमतेम विरघळतं. त्यामुळे बाहेर पडतो तो पांढरा लगदा. खडकावर तो वाळतो, थरावर थर चढतात आणि कड्यावरचे ओघळ लांबूनही नजरेत भरतात.

'क्वाक्वा' हे आपलं लेखन तसं फसवंच. इथल्या लोकांच्या सोथो भाषेत यातला 'क' म्हणजे जीभ टाळूला चिकटवून झटक्यात सोडल्यावर होणारा 'टॉक्', घोड्याच्या टापांची नक्कल करताना काढतो तसा. हा ध्वनी सान आणि खोई भाषांकडून आलेला.

बोअर लोक, म्हणजे डच वंशाचे गोरे शेतकरी, या भागाला विट्सिसहुक म्हणत, म्हणजे विट्सीचा कोपरा. विट्सी हा खोलोक्वे टोळीचा प्रमुख. त्याला 1856 मध्ये बोअरांनीच हुसकावलं. नाव तेवढं ठेवलं! 1867 मध्ये बासोथो, म्हणजे सोथो लोकांचा राजा मोशोशो, याचा भाऊ पॉलस मोपेली इथे येऊन स्थायिक झाला. पुढे सरकारने जमिनीची धूप थांबवण्याच्या नावाखाली लोकांना गुरं कमी करायला लावलं. गुरं हीच ज्यांची पुंजी, ते कसे ऐकणार? नोव्हेंबर 1950 मध्ये पोलिसांशी चकमक झाली. 14 गावकरी आणि 2 पोलीस मेले.

1974 मध्ये याच तुकड्याला 'स्वशासन' मिळालं, तेही क्वाक्वा या नावाने. गोऱ्यांच्या शेतांवरून आणि शहरांतून लोकांना हाकलायचं आणि 'तुमचा मुलुख तो' म्हणून डोंगरात पाठवायचं, तर मुलुखाचं नाव तिथल्याच मातीतलं असलेलं सोयीचं. गोऱ्यांचा देश 'पांढरा' ठेवण्यासाठी उभारलेल्या कोंडवाड्याचं नाव 'पांढऱ्याहून पांढरा', हे प्रिटोरियातल्या सरकारात कुणाला खटकलं नसावं. 1970 मध्ये इथे जेमतेम 25 हजार माणसं होती. 1980 च्या दशकात ती काही लाखांवर गेली. राजधानीचं नाव फुथादिच्छाबा, म्हणजे लोकसमूहांनी एकत्र येण्याचं ठिकाण. आपखुशीने आलेले थोडेच.

ट्रान्सकाय वगैरे चार होमलँडनी नावापुरतं स्वातंत्र्य घेतलं, क्वाक्वाने घेतलं नाही. 27 एप्रिल 1994 ला ते फ्री स्टेट प्रांतात विलीन झालं. आता तिथल्या नगरपालिकेचं नाव मालुती-आ-फोफुंग आहे. फोफुंग हे इथल्या शिखराचं नाव, म्हणजे इलँड हरणांची जागा. फ्रेंच मिशनऱ्यांनी 1836 मध्ये त्याच शिखराला मों-ओ-सूर्स, म्हणजे नद्यांच्या उगमाचा डोंगर, म्हटलं होतं. फ्री स्टेट विद्यापीठाने मात्र इथल्या आपल्या संकुलाचं नाव क्वाक्वाच ठेवलंय.