लार्ज फॉरमॅट लेन्सची निवड : कास पठारावरील निसर्गदृश्य व मॅक्रो छायाचित्रण

सुट्या शीटच्या रूपात मिळणारी ४×५ इंच किंवा त्याहून मोठी फिल्म वापरणाऱ्या कॅमेऱ्यांना लार्ज फॉरमॅट कॅमेरे म्हणतात. पुढे लेन्सची चौकट, मागे दुधी काचेची चौकट आणि दोहोंमध्ये लोहाराच्या भात्यासारखा घडीचा बेलोज, एवढीच त्यांची रचना. लेन्स एका फळीवर बसवलेली असते आणि ती कोणत्याही कंपनीची चालते. त्यामुळे निवडीचे स्वातंत्र्य मोठे, पण चुकीच्या निवडीला सांभाळून घेणारी कुठलीही यंत्रणा कॅमेऱ्यात नसते. दूरचे डोंगर आणि हातभर अंतरावरचे फूल अशी दोन्ही कामे एकाच संचात करायची असतील, तर लेन्सच्या नावाआधी दोन मापे पाहावी लागतात : बेलोज किती लांबतो आणि लेन्सचे प्रतिमावर्तुळ, म्हणजे ती फिल्मच्या जागी जेवढ्या गोल भागावर चित्र पाडते तो भाग, केवढा आहे.

या दोन्ही मापांची कसोटी पाहायला सातारा जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचितच मिळेल. साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे २५ किमीवर, समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटर उंचीवर कासचे जांभ्या खडकाचे पठार आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत ते आहे. ऑगस्ट अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत येथे फुलांचे गालिचे असतात आणि त्यांच्या मागे क्षितिजापर्यंत सह्याद्रीच्या रांगा दिसतात. निसर्गदृश्य आणि मॅक्रो हे दोन्ही विषय येथे एकाच तिपाईवरून दिसतात.

४×५ फिल्मचे प्रत्यक्ष चित्रक्षेत्र सुमारे ९५×१२० मिमी असते आणि त्याचा कर्ण १५३ मिमी. म्हणून १५० मिमी फोकल लेंथची (अनंतावर फोकस असताना लेन्स ते फिल्म हे अंतर) लेन्स या आकारासाठी ‘नॉर्मल’ मानतात. ९० मिमी वाइड, तर २१० ते ३०० मिमी लांब पल्ल्याची. परंतु लेन्सने फिल्मचा कर्ण जेमतेम झाकणे पुरत नाही. लेन्स वर-खाली सरकवता आणि कलवता येते, म्हणून तर हा कॅमेरा वापरायचा; त्यासाठी प्रतिमावर्तुळ कर्णापेक्षा बरेच मोठे असावे लागते. वर्तुळ २१० मिमी असेल, तर आडव्या चौकटीत लेन्स सुमारे ३८ मिमी वर उचलता येते. २३१ मिमी असेल, तर ५१ मिमी. वाईला ढोल्या गणपतीचे शिखर समोरच्या घाटावरून घेताना कॅमेरा वर कलवला की शिखराच्या कडा आत झुकतात; कॅमेरा सरळ ठेवून नुसती लेन्स उचलली, की त्या उभ्याच राहतात. अजिंक्यताऱ्यावरून खालचे सातारा शहर घेताना हेच उलट्या दिशेने करायचे.

कासला मात्र उचलण्यापेक्षा कलवणे कामाचे. लेन्सचे प्रतल, फिल्मचे प्रतल आणि स्पष्ट दिसणारे प्रतल ही तिन्ही एका रेषेत मिळतात, हा नियम ऑस्ट्रियन लष्करी अधिकारी थिओडोर शाइम्पफ्लुग याच्या नावाने ओळखला जातो. १९०४ साली त्याने त्याचे पेटंट नोंदवले. जूल्स कार्पेंतिये या फ्रेंच अभियंत्याच्या १९०१ च्या पेटंटात तो आधीच आला होता. व्यवहारात त्याचे गणित सोपे आहे. फिल्म उभी ठेवायची. लेन्सच्या फोकल लेंथला तिच्या जमिनीपासूनच्या उंचीने भागायचे, आणि जो आकडा येईल तो ज्या कोनाची ज्या (साइन) असेल, तेवढे लेन्सला पुढे कलवायचे. लेन्स दीड मीटर उंचीवर आणि १५० मिमीची असेल, तर ०.१, म्हणजे सुमारे ५.७ अंश. एवढ्या किरकोळ कलाने पायापासून क्षितिजापर्यंतची जमीन स्पष्ट होते. २१० मिमीला ८ अंश लागतात, ९० मिमीला साडेतीनसुद्धा नाहीत.

येथे वर्तुळाचा प्रश्न पुन्हा येतो. १५० मिमी लेन्स ५.७ अंश कलवली की तिचा अक्ष फिल्मवर १५ मिमी सरकतो. त्याला कुणाची हरकत नाही. पण फुले ठळक यावीत म्हणून लेन्स ६० सेंमी उंचीवर आणली, तर कल १४.५ अंश होतो आणि अक्ष ३९ मिमी सरकतो. २१० मिमी वर्तुळाची सीमा तिथेच संपते आणि चौकटीचे कोपरे काळे पडू लागतात. बसून काम करण्याची सवय असलेल्याने म्हणून मोठ्या वर्तुळाच्या लेन्सला जास्त पैसे मोजावेत. कासच्या बहुतेक फुलांची उंची घोट्याच्या वर जात नाही, त्यामुळे पठार हे कलवण्याचे आदर्श स्थान आहे. अपवाद टोपली कारवीचा. सात वर्षांनी बहरणारी ही गोल झुडपे जमिनीपासून बरीच वर येतात, आणि कलवलेल्या लेन्सला स्पष्ट दिसणारा भाग पाचरीसारखा लेन्सच्या खालून सुरू होत असल्याने कॅमेऱ्याजवळ तो अगदी बारीक असतो. जवळचे झुडूप त्यातून बाहेर पडते. अशा वेळी कल कमी करून लेन्सचे छिद्र एफ/३२ इतके बारीक करणे बरे.

मॅक्रोकडे वळले की वर्तुळाची चिंता मिटते आणि बेलोजची सुरू होते. १:१ या प्रमाणात, म्हणजे वस्तू फिल्मवर तिच्या खऱ्या आकाराची येते तेव्हा, लेन्स फिल्मपासून फोकल लेंथच्या दुप्पट अंतरावर असते आणि प्रतिमावर्तुळाचा व्यासही दुप्पट होतो. १५० मिमीला ३०० मिमी बेलोज लागतो, ३०० मिमीला ६००. लाकडी फील्ड कॅमेऱ्यांचा बेलोज बरेचदा ३०० मिमीच्या आसपास संपतो. एवढ्यात १५० मिमी नेमकी १:१ गाठते, २१० मिमी जेमतेम ०.४ पट, २४० मिमी पाव पट, आणि ३०० मिमी तर फक्त अनंतावर फोकस होते. टेलिफोटो रचनेच्या लेन्सला डोंगरासाठी बेलोज कमी लागतो, पण कलवताना तिचे वागणे अवघड आणि जवळच्या कामात दर्जा घसरतो. दोन्ही कामे करणाऱ्याने ती घेऊ नये.

लहान फिल्मवरून येथे येणाऱ्यांचा एक गैरसमज असतो. १:१ म्हणजे एकच फूल चौकटभर, असे त्यांना वाटते. ४×५ मध्ये १:१ म्हणजे साडेनऊ बाय बारा सेंमी, तळहातापेक्षा थोडी मोठी जागा. सेंटीमीटरभराचे सीतेच्या आसवांचे फूल या चौकटीत एक ठिपका असते. ३५ मिमीच्या कॅमेऱ्यावर १:१ ला जे दिसते, ते येथे घ्यायचे तर ३.३ पट मोठे करावे लागेल, आणि १५० मिमी लेन्सला ६४५ मिमी बेलोज हवा. त्यापेक्षा ८० मिमीची एन्लार्जरची (निगेटिव्हवरून मोठे चित्र छापण्याच्या यंत्राची) लेन्स उलटी लावली, तर ३४० मिमीत काम होते. शटर नसल्याने टोपी काढून एक्स्पोजर द्यायचे. हे शक्य आहे, पण या कॅमेऱ्याचे खरे बळ त्यात नाही. जांभ्यावरचा तळहाताएवढा तुकडा घ्यावा : ओलसर मातीत गेंदाची पांढरी बटणे, त्यांच्यात निळी सीतेची आसवे, कडेला चिकट केसांची दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती. एवढा सगळा समाज एका शीटवर बारकाव्यासह येतो.

साधी प्लाझ्माट रचनेची लेन्स (शनायडरची सिमार, रोडेनस्टॉकची सिरोनार, निकॉनची निक्कोर-डब्ल्यू) दूरच्या विषयांसाठी दुरुस्त केलेली असते. निक्कोर-एएम, आपो-माक्रो-सिरोनार, माक्रो-सिमार या १:१ च्या आसपासच्या कामासाठी. कागदावर फरक मोठा वाटतो. एफ/२२ वर १:३ पर्यंत साधी प्लाझ्माट पुरते, दोन्हींतला फरक सहसा डोळ्यांना दिसत नाही. १:१ च्या पलीकडे रोज काम असेल तरच खास मॅक्रो लेन्सचा खर्च सार्थकी लागतो. छपाईच्या कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या प्रोसेस लेन्स, उदाहरणार्थ शनायडरची एफ/९ ची जी-क्लॅरॉन, दोन्ही कामांत चांगल्या चालतात, हलक्या आणि स्वस्तही असतात. त्यांची अडचण अंधार. १:१ ला एफ/९ ची लेन्स एफ/१८ इतकी मंद होते, आणि धुक्याच्या सकाळी काळ्या फडक्याखाली दुधी काचेवर काही म्हणता काही दिसत नाही. एफ/५.६ ची लेन्स तिथे एफ/११ असते, निदान फूल तरी सापडते.

हाच हिशेब एक्स्पोजरलाही लागतो. बेलोजच्या लांबीला फोकल लेंथने भागून येणाऱ्या आकड्याचा वर्ग करावा, तेवढ्या पट एक्स्पोजर. १५० चे २१२ मिमी झाले की एक स्टॉप (दुप्पट), ३०० झाले की दोन (चौपट). लाइटमीटरला बेलोज दिसत नाही, म्हणून पिशवीत शिंप्याची टेप ठेवतात. १:१ ला एफ/२२ म्हणजे प्रत्यक्षात एफ/४५. त्याहून बंद केले तर प्रकाशाचे विवर्तन, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना त्याचे पसरणे, सगळेच मऊ करते. आणि इतके करूनही स्पष्टतेची खोली जेमतेम ९ मिमी मिळते. दाट ढगांच्या सकाळी आयएसओ १०० वर हे गणित दोन-तृतीयांश सेकंदाच्या आसपास येते. याच जिल्ह्यात चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यावरून येथल्या वाऱ्याची कल्पना यावी. गेंदाचा दांडा तेवढा वेळ स्थिर राहत नाही. सूर्य वर येण्याआधीची वेळ साधणे, वाऱ्याच्या बाजूला छत्री धरणे, आयएसओ ४०० ची फिल्म घेणे हे उपाय आहेत. फ्लॅशही आहे : लेन्समधले लीफ शटर कोणत्याही वेगाला फ्लॅशशी जुळते.

पायवाट सोडून फुलांत शिरू नये, हा पठारावरचा नियम फोकल लेंथच्या निवडीतही शिरतो. १:१ ला लेन्स ते फूल हे अंतर फोकल लेंथच्या दुप्पट, म्हणजे १५० मिमीला ३० सेंमी आणि २४० मिमीला ४८. वाटेच्या कडेला उभे राहून हात लांब करण्याइतका हा फरक आहे. ज्याच्या कॅमेऱ्याचा बेलोज ४८० मिमी किंवा अधिक आहे, त्याने २४० मिमीचा विचार करावा. फुजिनॉन-ए २४० मिमी एफ/९ चे वजन सुमारे २४५ ग्रॅम आणि वर्तुळ ३३६ मिमी. चढणीवर वाहून न्यायला याहून सुखाची लेन्स नाही. बेलोज ३०० मिमीचाच असेल, तर पहिली लेन्स १५० मिमी प्लाझ्माट, हे उत्तर बदलत नाही. ९० मिमी नंतर घ्यावी. पठारावर ती आकाश फार घेते आणि डोंगर बुटके करते. १:१ च्या जवळ फोकस करताना लेन्स हलवून उपयोग होत नाही, मागची चौकट हलवावी लागते. म्हणून कॅमेरा निवडताना मागची चौकट सरकते का, हे पाहिलेले बरे.

निकॉनने २००६ साली लार्ज फॉरमॅट लेन्स बंद करत असल्याचे जाहीर केले, आणि आता बहुतेक खरेदी जुन्या मालाचीच होते. लेन्स टॉर्चच्या उजेडात आरपार पाहावी. कडेचे पांढरे ठिपके बहुधा आतल्या काळ्या रंगाचे असतात, चित्रावर त्यांचा परिणाम होत नाही; जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आणि ती घेऊ नये. शटरचा एक सेकंद खरोखर एक सेकंदच आहे का, ते घड्याळ लावून तपासावे. लेन्सच्या फळीला (लेन्सबोर्ड) भोक शटरच्या मापाप्रमाणे लागते : कोपल ० या शटरसाठी ३४.६ मिमी, कोपल १ साठी ४१.६ आणि कोपल ३ साठी ६५ मिमी. सातारा-सांगलीच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडे ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून ते पाडून मिळते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि कासची हवाही त्या दिवसांत ओलीच असते. त्यामुळे पठारावरून परतल्यावर लेन्स कातडी पाकिटात बंद न ठेवता सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवतात.