शड्डू आधी, आवाज मागनं

कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या कुस्त्या मित्राच्या पोरानं वरच्या पायऱ्यांवर बसून मोबाइलवर घेतल्या आणि फाइल माझ्याकडं आणून दिली. ४० मिनिटांची. एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकली, सुरुवातीला सगळं झकास. हलगीवर टिपरू पडतंय, हलगी कडाडतेय. शेवटाकडं मात्र पैलवान शड्डू ठोकून सलामी देतो, हात भिडतात, आणि मग शड्डू ऐकू येतो. मित्र म्हणाला, ''आवाज मागं पडालाय की रं!''

आवाज जागेवरच होता, पळालं होतं चित्र. टाइमलाइनच्या टोकाला जाऊन बघितलं तर व्हिडिओची पट्टी ऑडिओच्या पट्टीपेक्षा ४ सेकंद आखूड.

मोबाइल आवाजाचे साधारणपणे सेकंदाला ४८,००० नमुने घेतो आणि त्यात खाडा करत नाही. चित्राचं तसं नसतं. सेटिंगमध्ये सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० सुटी चित्रं, लिहिलेलं असलं तरी उजेड कमी झाला की प्रत्येक फ्रेमला प्रकाश गोळा करायला जास्त वेळ लागतो, आणि बरेच मोबाइल गुपचूप २८ वर, कधी २४ वर उतरतात. कुठली फ्रेम कधी दाखवायची याची वेळ फाइलमध्ये नोंदलेली असते, म्हणून मोबाइलवर तीच फाइल सरळ चालते. टाइमलाइन मात्र सारख्या चौकटींचा आलेखाचा कागद. नोंदलेली वेळ न बघता एका चौकटीत एक फ्रेम बसवत गेलं की संपलं. सरासरी २९.९५ पडली तरी ४० मिनिटांत ७२,००० ऐवजी ७१,८८० फ्रेम भरतात. १२० फ्रेमची तूट, म्हणजेच ते ४ सेकंद.

गंमत म्हणजे हे दुखणं जुनंच आहे. बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात स्वतः कॅमेरा तयार केला, तो मूकपटांचा जमाना. तेव्हाचे कॅमेरे हातानं फिरवायचे. हात कमीजास्त फिरला तरी कुणाचं अडत नसे, कारण चित्राला आवाजाशी बांधलेलंच नव्हतं. बोलपट आले आणि सेकंदाला २४ फ्रेमची शिस्त लागली. आपला मोबाइल पुन्हा हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यावर गेलाय, एवढंच.

ट्रॅक सरकला की पहिला मोह होतो ऑडिओ ओढून जुळवायचा. थांबा. आधी फरक कसा वाढतोय ते तीन-चार ठिकाणी मोजा. पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच असेल तर नुसती क्लिप सरकवली की काम झालं. एकसारखा वाढत असेल तर दोन घड्याळांचं भांडण: २९.९७ ची फाइल ३० ची धरली तर तासाला ३.६ सेकंद, वेगळा रेकॉर्डर लावला असेल तर त्याच्या आतल्या क्वार्ट्झ घड्याळाच्या चुकीमुळं तासाला सेकंदाचा काही भाग. तिथं पट्टी ताणून जमतं. एका कटनंतर अचानक उडी दिसली तर दोष तुमचा. मध्ये ५ सेकंदांची क्लिप घुसवताना ऑडिओ ट्रॅकचं कुलूप लागलेलं होतं, चित्र पुढं सरकलं, आवाज तिथंच राहिला. फरक बरोबर ५ सेकंद भरतो. हे मी इतक्या वेळा केलंय की आता पहिली नजर कुलपावरच जाते.

आमच्या फाइलमध्ये फरक उन्हात जवळजवळ नव्हता आणि दिवस कलल्यावर भराभर वाढत होता. अशा वाकड्या फरकाला ताणणं लागू पडत नाही. फाइलची माहिती सांगणाऱ्या मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरनं फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) बदलता असल्याचं दाखवलं. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट कायम ३० ठेवून फाइल नव्यानं काढली आणि तीच टाइमलाइनवर घेतली. पट्ट्या सारख्या झाल्या.

तरीही शड्डूत ३ फ्रेमचा फरक उरला, पहिल्या कुस्तीतही आणि शेवटच्याही. ऑडिओ ३ फ्रेम अलीकडं ओढणार होतो, तेवढ्यात पोरगं कुठं बसलं होतं ते आठवलं. ३ फ्रेम म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्यात आवाज सुमारे ३४ मीटर जातो, कुस्तीच्या हौदापासून वरच्या पायऱ्यांपर्यंत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला कळतं, उशिरा आला तर १२५ पर्यंत खपतो. तिथं बसलेल्या सगळ्यांनी तो शड्डू तसाच ऐकला होता. ३ फ्रेम तशाच ठेवल्या.