ऐकवण्याचा खर्च कोणाचा? उंची ऑडिओ खरेदीमागचा जुना वाद

महागडा अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकरची जोडी दुकानातून घ्यावी की ऑनलाइन मागवावी, हा वाद इंटरनेटने आणला असे आपण सहसा धरून चालतो. प्रत्यक्षात तो इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. त्याच्या मुळाशी प्रश्न एकच आहे, आणि तो म्हणजे ऐकवण्याचा खर्च कोणी उचलायचा. माहितीपत्रकातल्या आकड्यांवरून स्पीकर निवडता येत नाही, तो ऐकावाच लागतो. त्यासाठी दुकानदाराला एक शांत खोली अडकवून ठेवावी लागते, यंत्रे जोडून द्यावी लागतात आणि एका गिऱ्हाइकासाठी तास-दीड तास मोडावा लागतो. हा सगळा खर्च विक्रीच्या किमतीतच धरलेला असतो. त्यामुळे गिऱ्हाईक ऐकून उठले आणि तीच वस्तू दुसरीकडून स्वस्तात घेऊन गेले, तर खर्च एकाच्या अंगावर पडतो आणि विक्री दुसऱ्याच्या खात्यात जमा होते.

हे ऐकवणे म्हणजे नुसते बटण दाबणे नव्हे. दोन स्पीकरपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तोच कानाला सरस वाटतो, म्हणून जाणकार विक्रेता तुलनेआधी दोन्हींची पातळी सारखी करून घेतो. आपल्याकडचा श्रोता तंबोऱ्याची जवारी नीट उमलते का आणि डग्ग्याचा घुमारा फुगून पसरत तर नाही ना, हे कान देऊन तपासतो. स्पीकर मागच्या भिंतीपासून हातभर पुढे ओढला की तोच घुमारा आवरतो, हे दुकानात पाच मिनिटांत दाखवता येते. ते नुसते वाचून कळायला फार वेळ लागतो. माझ्या मते या व्यवसायातली खरी किंमत याच पाच मिनिटांची आहे.

अमेरिकेत हा प्रश्न फार लवकर उभा राहिला. एडगर व्हिलचर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ साली स्थापन केलेल्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीने पुढे न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात आणि केंब्रिज शहरात श्रवणकक्ष थाटले. तिथे कोणीही येऊन स्पीकर ऐकावेत. विक्री मात्र तिथे होतच नसे. ऐकवण्याचा खर्च उत्पादकाने उघडपणे स्वतःच्या अंगावर घेतल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

बाकीच्यांनी कायद्याचा आधार घेतला. उत्पादकाने किरकोळ विक्रीची किमान किंमत ठरवून द्यावी आणि त्याखाली कोणी विकू नये, अशी मुभा देणारे ‘फेअर ट्रेड’ कायदे १९३१ मध्ये कॅलिफोर्नियापासून सुरू झाले आणि १९३७ च्या केंद्रीय कायद्याने त्यांना बळ मिळाले. सूट नसल्यामुळे ऐकवणाऱ्या दुकानाची विक्री टिकून राही, पण त्याची किंमत ग्राहक मोजत असे. १९७५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने हे संरक्षण काढून घेतले आणि टपालाने स्वस्तात माल पाठवणाऱ्यांना रान मोकळे झाले. त्याच्या वर्षभर आधी, १९७४ मध्ये, व्हर्जिनियात सुरू झालेल्या क्रचफिल्ड या टपालविक्री कंपनीला मात्र नुसती स्वस्ताई पुरली नाही. मोटारीतला स्टिरिओ आपल्याला बसवता येईल की नाही, याची गिऱ्हाइकांना धास्ती वाटत होती. तेव्हा कंपनीने आपल्या सूचिपत्रात जोडणीची सविस्तर माहिती छापायला सुरुवात केली, आणि धंदा खऱ्या अर्थाने तिथून चालला. म्हणजे दुकान टाळले तरी समजावण्याचा खर्च टळला नाही.

भारतात दशकानुदशके हा प्रश्न पडण्याचीही सोय नव्हती. आयात परवाने आणि जबर जकात यांमुळे परदेशी यंत्रणा अधिकृत दुकानात मिळणे दुर्मीळ होते. उंची आवाजाची भूक कोलकात्याच्या सोनोडाइनसारख्या देशी कंपन्या, मुंबईत मुसाफिरखाना आणि मनीष मार्केटकडचा चोरटा माल आणि आखातातून येणारे नातेवाईक यांच्यावर भागत असे. ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. भडकमकर मार्ग, सुट्या भागांचा आणि दुरुस्तीचा बाजार म्हणून वाढला तो याच काळात. कच्च्या बिलावर घेतलेल्या कॅसेट डेकला गॅरंटी कसली? ती दुकानदाराच्या शब्दाची, आणि यंत्र उघडून दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या हाताची. या कारागिरांनी एका पिढीचे संगीत जिवंत ठेवले, याची नोंद व्हायला हवी.

परदेशातून यंत्र आणण्यातली जोखीम तेव्हाची आजही तशीच आहे. अमेरिकेतल्या घरांत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झची वीज असते, तर आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झची. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येते, वारंवारिता मात्र बदलत नाही. त्यामुळे सिंक्रोनस मोटरवर, म्हणजे विजेच्या वारंवारितेनुसार वेग ठरणाऱ्या मोटरवर, चालणारा तिकडचा जुना टर्नटेबल (तबकडी वाजवणारे यंत्र) इथे मिनिटाला ३३⅓ ऐवजी जेमतेम २७.८ फेरे घेतो आणि गायकाची पट्टी सुमारे तीन अर्धस्वर खाली जाते. मोटरची पुली बदलून देणारा माणूस गाठावा लागतो, आणि तो बहुधा दुकानातच भेटतो.

१९९१ नंतर जकात टप्प्याटप्प्याने उतरली आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे संख्यात्मक आयात-निर्बंधही उठले. परदेशी ब्रँडचे अधिकृत वितरक आणि त्यांच्या हाताखालचे डीलर अशी साखळी उभी राहू लागली. ती पुरती स्थिरावण्याआधीच २००७ मध्ये फ्लिपकार्ट आणि २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉन इथे अवतरले. अमेरिकेत अर्धशतकभर चाललेली ओढाताण आपल्याकडे दहा-बारा वर्षांत येऊन आदळली.

इथला कायदाही वेगळ्या घडणीचा आहे. छापील एमआरपी ही कमाल मर्यादा असते. त्याखाली किती उतरायचे ते विक्रेता ठरवतो. उत्पादकाने किमान किंमत लादली आणि त्याने स्पर्धेला लक्षणीय बाधा आली, तर २००२ च्या स्पर्धा कायद्याचे कलम ३(४) आड येते. किंमत बांधून डीलरला सांभाळण्याची वाट अशी अरुंद असल्यामुळे वितरकाच्या हाती मुख्यतः वॉरंटी उरते, म्हणजे माल आपल्याच साखळीतून गेला आहे का हे पाहून ती मानायची की नाही, हे ठरवणे. म्हणूनच ऑनलाइन घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला नेला की सेवाकेंद्राच्या खिडकीवर आधी मागची पट्टी वाचून अनुक्रमांक टिपला जातो, मग पक्के बिल मागितले जाते, आणि झाकणाचे स्क्रू त्यानंतरच सैल होतात.