परदेशी गीतरचना स्पर्धेचा अर्ज : ग्वाल्हेरचे अर्ज कुठे अडतात

हौशी संगीतकारांना भाग घेता येईल अशा आंतरराष्ट्रीय गीतरचना स्पर्धा बऱ्याच आहेत. जॉन लेनन यांच्या नावाची अमेरिकेतली स्पर्धा १९९७ पासून चालू आहे, नॅशव्हिलची इंटरनॅशनल साँगरायटिंग कॉम्पिटिशन २००२ पासून; शिवाय लहानमोठ्या कितीतरी. प्रत्येकीची नियमावली वेगळी असते आणि ती मुळातूनच वाचायला हवी. पण आपल्या गावातून गेलेले अर्ज फिरून फिरून त्याच चार-पाच जागी अडतात. इतकी सुंदर चाल परीक्षकांच्या कानावर पडण्याआधीच बाद झालेली पाहिली की जीव हळहळतो. बहुतेक वेळा कारण एकच असतं : हे गाणं नक्की कुणाचं, हे कागदावर नसतं.

खातं उघडणं, विभाग निवडणं, एमपी३ फाईल चढवणं, शुल्क भरणं ही कामं घरातला कॉलेजात जाणारा मुलगासुद्धा करून देईल. त्यांची धास्ती नको.

धास्ती घ्यायची ती संमतिपत्राची. आपल्याकडे शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि गळा तिसऱ्याचा असतो. परदेशी अर्जातल्या ‘साँगरायटर’ या रकान्यात शब्द लिहिणारे आणि चाल बांधणारे असे सगळे येतात, आणि त्यांच्या वाट्यांची बेरीज १०० टक्के व्हावी लागते. मग दोन गोष्टी घडतात. शब्द मावशींनी लिहिलेले असतात, पण ‘घरचंच माणूस’ म्हणून त्यांचं नाव राहून जातं. उलट गायिका आणि तबलजी यांची नावं मान म्हणून त्याच रकान्यात घातली जातात, आणि कागदोपत्री ते गाण्याचे भागीदार होऊन बसतात. गाणाऱ्यांचा आणि साथ करणाऱ्यांचा मान त्यांच्यासाठी असलेल्या रकान्यात राखा. तसा रकाना नसेल तर माहितीच्या जागेत नावं द्या. चाल किंवा शब्द घडवण्यात त्यांचा हात असेल, तरच ते रचनाकार.

संमतिपत्र साध्या कागदावर चालतं. गाण्याचं नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाचा किती वाटा, या स्पर्धेला पाठवायला सगळे राजी आहेत असं एक वाक्य, तारीख आणि सह्या. सोप्या इंग्रजीत लिहा, स्कॅन करून जवळ ठेवा. नियमावलीत स्पष्ट मागितलं नसेल तर स्टॅम्पपेपर आणि नोटरीसाठी कचेरीत हेलपाटे घालू नका. रचनाकारांपैकी कुणी १८ वर्षांखालील असेल तर पालकाची सही लागते. गीतकार हयात नसतील तर त्यांच्या वारसांची संमती हवी, आणि वारस म्हणजे सगळे वारस. थोरल्या मुलाने फोनवर ‘हो’ म्हटलं, एवढ्याने भागत नाही. हा कागद गाणं तयार झालं त्याच आठवड्यात करून टाका. मुदतीच्या आदल्या रात्री पुण्याच्या भाच्याची सही मिळत नाही.

दुसरी अडचण जुन्या कवितांची. आवडत्या कवीच्या कवितेला चाल लावणं हा आपला जुना छंद. भारतात कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी. ते १९४१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता १ जानेवारी २००२ पासून आपल्या देशात मोकळ्या झाल्या. पण १९७० मध्ये निधन झालेल्या कवीचा हक्क २०३० संपेपर्यंत चालू आहे, आणि हक्क ज्यांच्याकडे आहे त्या वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी नसेल तर अर्ज करण्यात अर्थ नाही. अमेरिकेत जुन्या साहित्याची मुदत बहुधा प्रकाशनाच्या वर्षावरून, ९५ वर्षं अशी मोजतात, त्यामुळे इथे मोकळी झालेली कविता तिथे मोकळी असेलच असं नाही. बऱ्याच स्पर्धांना तर शब्दही स्पर्धकाचेच लागतात. म्हणून संतांचे अभंगही तिथे चालत नाहीत. हौसेने लिहिणारं माणूस प्रत्येक वाड्यात सापडतं. नवे शब्द मागा.

घराण्याची बंदिश घेऊन तिच्यावर नवे शब्द बसवू नका. राग कुणाच्या मालकीचा नसतो, बांधलेली बंदिश मात्र कुणाची तरी असते, आणि ‘पारंपरिक’ एवढं लिहून ती तुमची होत नाही. यमनमध्ये स्वतःची चाल बांधलीत तर ती निःशंक तुमची आहे. विकतचा किंवा फुकटचा तयार ठेका वापरला असेल तर त्याचा परवाना जपून ठेवा. यंत्राकडून (एआयकडून) शब्द किंवा चाल करून घेतली असेल तर त्याबद्दलचा नियम आधी वाचा आणि खरं तेच लिहा.

आता कॉपीराइट नोंदणी. ‘प्रमाणपत्र आल्यावर अर्ज करू’ म्हणून थांबलेल्यांची मुदत हमखास टळते. आपल्या १९५७ च्या कायद्यात रचना तयार होताच हक्क मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. नोंदणीचा पुरावा म्हणून उपयोग होतो, तेव्हा करायची तर जरूर करा. मात्र कायद्याने ‘संगीतकृती’त शब्द येत नाहीत. शब्दांचा अर्ज साहित्यकृती म्हणून वेगळा, चालीचा वेगळा, प्रत्येकी ५०० रुपये. ध्वनिमुद्रणाचा तिसरा अर्ज २००० रुपयांचा. डायरी क्रमांक, म्हणजे अर्ज दाखल झाल्याचा क्रमांक, मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस जातात, मग छाननी. शंका निघाली की पत्र येतं आणि पुन्हा वाट पाहणं. एका गाण्यासाठी हौशी माणसाला तीन दारं ठोठावायला लावणारी ही पद्धत सुधारायला हवी. तोवर स्वतःच्याच पत्त्यावर गाण्याची प्रत घातलेलं बंद पाकीट रजिस्टर्ड पोस्टाने पाठवण्याचा जो उपाय अजून सांगितला जातो, त्याच्यावर विसंबू नका. तो नोंदणीची जागा घेत नाही. ध्वनिमुद्रण पैसे देऊन केलं असेल तर स्टुडिओच्या पावतीवर ‘मुद्रणाचे सर्व हक्क ग्राहकाकडे’ अशी ओळ लिहून घ्या.

हौशी कोण, याची व्याख्या प्रत्येक स्पर्धा आपापली करते. कुठे संगीतातून मिळणाऱ्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा असते, कुठे प्रकाशन कंपनीशी करार नसणं एवढंच पुरतं. आकाशवाणीचे ‘बी’ किंवा ‘बी हाय’ श्रेणीचे कलाकार आणि घरी शिकवण्या घेणाऱ्या बाई इथे गोंधळतात. मानधन मिळतं ते गाण्याचं आणि शिकवण्याचं, रचनेचं नाही. पण आयोजक ते कसं मोजतात हे तेच सांगू शकतात. अर्जाआधी ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पुढे कुणी हरकत घेतली तर तेच उत्तर कामी येतं.

मुदतीबद्दल कळकळीने सांगते. अमेरिकेत महिना आधी लिहितात. ०३/०४ ही आपली ३ एप्रिल, त्यांची ४ मार्च. एवढ्या एका चुकीने अख्खा महिना हातचा जातो. रात्री ११:५९ ही वेळही त्यांच्या गावची असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं ११:५९ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२९, उन्हाळ्यात ९:२९. पश्चिम किनारा असेल तर दुपारी १:२९ किंवा १२:२९. इथे सवड मिळते, पण सिडनीच्या स्पर्धेत घड्याळ उलटं चालतं : तिथलं ११:५९ आपल्याकडे त्याच दिवशी संध्याकाळी ७:२९ ला होतं, त्यांच्या उन्हाळ्यात ६:२९ लाच. रात्री जेवून अर्ज भरायला बसलात तर दार बंद झालेलं असेल.

पैसे भरताना कार्ड नाकारलं जातं, आणि लोक अर्जच सोडून देतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मार्च २०२० पासून नवी कार्डं परदेशी व्यवहारांसाठी बंदच मिळतात. बँकेच्या ॲपमध्ये ती सोय चालू करून घ्या, आणि हे दोन दिवस आधी करा.

नावाचं काय करायचं ते सुरुवातीलाच ठरवा. मार्कशीटवर वडिलांचं नाव मध्ये, आधारवर नाही, लग्नानंतर आडनावच काय, पहिलं नावही बदललेलं. अर्जात पासपोर्ट किंवा बँकेतलं नाव घाला. अमेरिकेतल्या स्पर्धेत रोख बक्षीस मिळालं तर आयोजक डब्ल्यू-८ बेन नावाचा करफॉर्म मागू शकतात. त्यात परदेशी करक्रमांक म्हणून पॅन द्यावा लागतो, आणि तारीख तिथेही महिना आधी अशीच लिहायची असते.

मराठी गाण्यासोबत इंग्रजी भावार्थ आणि रोमन लिपीतले शब्द द्या. कुणाचा शिक्का नको, घरी केलेला स्वच्छ भावार्थ पुरतो. वेळेची मर्यादा असेल तर सुरुवातीचा आलाप आखडता घ्या.

‘पाठवा’चं बटण दाबण्याआधी हक्कांचं कलम पुन्हा वाचा. प्रसिद्धीसाठी गाणं वाजवण्याची परवानगी मागणं रास्त आहे. गाण्याची मालकीच मागत असतील, किंवा निकालानंतर चषक, प्रमाणपत्र, अल्बम यांसाठी ‘विजेत्यां’कडून पैसे घेत असतील, तर तिथे गाणं पाठवू नका.