चुलीवरचं जेवण वेगळं, शेतातलं जेवण वेगळं

डिसेंबर लागला की माझ्या फोनवर तोच मेसेज यायला सुरुवात होते, ताई रविवारी पोरं घेऊन कुठंतरी शेतावर मुक्कामाला जायचंय, चुलीवरचं मिळेल असं ठिकाण सांगा ना. मी विचारते, तुम्हाला चूल पाहिजे का शेत पाहिजे? समोरून हमखास उत्तर येतं, एकच की ते! एकच नाही हो. ह्या एका गोंधळामुळं लोक पैसे घालवून येतात आणि वर म्हणतात कृषी पर्यटन म्हणजे सगळा दिखावा असतो. ज्यांचं खरं आहे त्यांचंही नाव त्यात खराब होतं, म्हणून एकदाच नीट लिहिते.

रिसॉर्ट काय असतं ते सांगत बसत नाही, सगळे जाऊन आलेत. कमान, लॉन, पूल, फोटोपुरती एक बैलगाडी, एसी रूम आणि जेवायला मेनूकार्ड नाहीतर बुफे. लग्नाचा वाढदिवस करायचा असंल, ऑफिसातले वीस जण न्यायचे असतील तर तिथंच जा, सोय चांगली असते. माझं भांडण फक्त त्या कमानीवर 'शेतातून थेट ताटात' लिहिण्याशी आहे.

शेतावरचा मुक्काम म्हणजे घर शेतकऱ्याचं, ते कुटुंब तिथंच राहतं, पाहुण्यांसाठी दोन-चार खोल्या जास्तीच्या बांधलेल्या. खोलीत एसीऐवजी कूलर असंल, बाहेर बाजा टाकलेल्या असतील, गरम पाणी बंबातलं मिळंल, रात्री लाइट गेली तर गेली. हे फरक डोळ्यांना दिसतात, त्यात कुणी फसत नाही. नावावरून मात्र काहीच ठरवू नका. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० ला आलं, त्यात शेतकऱ्यापासून सहकारी संस्था, कृषी महाविद्यालयापर्यंत बऱ्याच जणांना पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करता येते. नोंदणी असली तर चांगलंच आहे, पण ताटात काय येणार ते त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

माणूस फसतो तो चुलीपाशी. मातीची चूल दिसली, धूर डोळ्यात गेला, नऊवारीतल्या मावशी भाकरी थापायल्यात, की आपण मनात धरूनच चालतो की हे सगळं इथल्याच शेतातलं. अहो चूल एवढंच सांगते की खाली जाळ कशाचा आहे. तुराट्या असतील, पऱ्हाट्या असतील, बाभळीचं लाकूड असंल. पातेल्यातलं वांगं मागच्या वाफ्यातनं आलं का पहाटे संभाजीनगरच्या जाधववाडी भाजी मार्केटातनं टेम्पोत आलं, ते चुलीला विचारून कसं कळणार? चुलीवर केलं की चव येते, मलाही आवडते, पण ती स्वयंपाकाची रीत झाली. शेतातलं असणं म्हणजे धान्य, भाजी, दूध कुठून येतं त्याची गोष्ट.

दोन वर्षांमागं श्रावणात वेरूळहून परत येताना आम्ही अशाच एका ठिकाणी थांबलो. चारी बाजूंनी मका उभा, मधे बाज टाकून बसायची सोय, चूल पेटलेली, बोर्डावर 'गावरान' हा शब्द तीनदा. ताटात आलं मटार पनीर, शेवभाजी आणि भाकरी. श्रावणात तिथल्या रानात मटार कुठला, तो बाहेरूनच आणलेला. भाकरी मोडली तर तुकडा हातातच भुगा झाला. पीठ जुनं असलं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, मग ती थापताना चिरते आणि खाताना कोरडी लागते, ज्याच्या घरात ज्वारी असते आणि चार दिवसाला दळण असतं त्याच्याकडं असं होत नाही. वाढणाऱ्या पोराला विचारलं, मका कुणाचा रे? म्हणाला, "बाजूवाल्याचा आहे मॅडम, आपली जागा पार्किंगपर्यंतच." म्हणजे आम्ही शेतात बसून जेवलो, शेतातलं जेवलोच नाही. आणि तिथले सगळे गिऱ्हाईक खूष होते, ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आता उलटी बाजू, जी लोकांच्या लक्षातच येत नाही. स्वतःचं पंधरा एकर शेत असलं तरी तिथलं जेवण शेतातलं असंलच असं नाही. आपल्या मराठवाड्यात आज शिवारंच्या शिवारं सोयाबीन नाहीतर कपाशीनं भरलेली आहेत, पाण्याच्या सोयीला ऊस. सोयाबीन जाते मिलला, कापूस जिनिंगला, ऊस कारखान्याला. त्यातलं ताटात काय वाढणार? असा शेतकरीदादा मनानं कितीही चांगला असला तरी तो भाजी आठवडी बाजारातनंच आणणार. म्हणून नुसतं शेत आहे का हे विचारून भागत नाही, खाण्याचं काही पेरलंय का हे विचारावं लागतं. ज्वारी आहे का, तुरीच्या ओळी आहेत का, बांधाला अंबाडी, कडंला शेवगा, घरामागं माळव्याचे म्हणजे भाजीपाल्याचे चार वाफे, दावणीला एखादी दुभती म्हैस. एवढं असलं की घर जेवू घालतं.

माझ्या हिशोबानं खरा फरक एकच, आज काय शिजणार हे कोण ठरवतं. रिसॉर्टवर गिऱ्हाईक ठरवतं आणि बाजारातनं माल येतो. शेतावर शिवार ठरवतं आणि आपण ते खातो. बाकी सगळे फरक ह्याच्यातनंच निघतात.

हे समजायला लातूर-धाराशिवकडची मार्गशीर्षातली वेळ अमावस्या बघा, आमच्याकडं येळवस म्हणतात. त्या दिवशी गाव रिकामं आणि रान भरलेलं. कडब्याची कोप म्हणजे खोपी करून पूजा, आणि मग पंगत. भज्जी म्हणजे त्या दिवसाची मिसळीची भाजी, तिच्यात काय असतं? तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे आणि त्या वेळी जे माळवं रानात आहे ते. बाजरीचे उंडे, माठातली आंबिल, गव्हाची खीर. तो पदार्थ त्या पंधरा-वीस दिवसातच तसा लागतो कारण ते सगळे दाणे एकदमच ओले असतात. मी एका ठिकाणी एप्रिलात 'येळवस स्पेशल थाळी' बघितली आणि मला खरंच राग आला.

हुरड्याचंही तेच. ज्वारीचा दाणा दुधातून निघालाय पण अजून घट्ट झाला नाही, तेवढ्याच थोड्या दिवसात त्याचा हुरडा होतो, नंतर तो टणक होऊन भाकरीचा होतो. म्हणून जाणता शेतकरी गुळभेंडी नाहीतर सुरती एकदम सगळी पेरत नाही, थोडी थोडी मागंपुढं पेरतो, मग एक तुकडा संपला की दुसरा तयार. आगटीत गोवऱ्यांवर कणसं भाजायची, गरम असतानाच चोळायची, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, रानातली बोरं. हे डिसेंबरअखेरपासून फार तर फेब्रुवारीपर्यंत. कुणी मे महिन्यात हुरडा देत असंल तर तो फ्रीझरमधला, पाकीट फोडून गरम केलेला, खायला वाईट नाही पण त्याला शेतावरचा हुरडा म्हणू नका.

आणि मग मे महिन्यात शेतावर काय मिळतं? हा प्रश्न मला फार आवडतो कारण बहुतेकांना वाटतं काहीच नाही. मे महिना बळदातनं, म्हणजे धान्याच्या कोठीतनं, आणि डब्यातनं जेवायचा असतो. तुरीचं वरण, येसराची आमटी, पिठलं, सांडग्याची भाजी, वाळवलेली गवार, कुरडया, आणि महिना निम्मा सरला की केसर आंबा. मराठवाडा केसरला भौगोलिक मानांकन आहे, जालन्याच्या मोसंबीला आणि बीडच्या सीताफळाला पण आहे. डाळ आणि वाळवण हेसुद्धा शेतातलंच जेवण असतं, हिरवं दिसलं नाही म्हणून नाराज व्हायचं कारण नाही. पाऊस पडला की तांदुळजा, घोळ, पाथरी. नवरात्राच्या पुढंमागं बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं. मागं जुलैत लातूरजवळ औशाकडं एका ओळखीच्या घरी मुक्कामाला गेलो होतो, काकूंनी तांदुळज्याची भाजी, पिठलं, भाकरी, कांदा असं वाढलं. सोबत पुण्याहून आलेले पाहुणे हळूच म्हणाले, हे तर आपण घरी पण खातो. अहो पण ती भाजी अर्ध्या तासापूर्वी वाफ्यात होती! त्या भाजीला पाणी सुटलं नव्हतं, देठ तोडले की कटकन आवाज येत होता, घरी पिशवीत दोन दिवस पडलेल्या जुडीचं असं होतं का?

सगळंच शेतातलं पाहिजे असा माझा हट्ट नाही. चहा, साखर, मीठ बाजारचंच. तांदूळ पण आपल्याकडं बहुतेक बाहेरूनच येतो. चांगलं घर असंल तर ते स्वतःहून सांगतात, भात विकतच्या तांदळाचा आहे, बाकी घरचं. ज्यांच्याकडं 'सगळं शंभर टक्के आमचंच' असं ऐकायला मिळतं तिथं मी जरा सावध होते.

'गावरान कोंबडी' पण एक दुखणं आहे. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यात तयार होते, गावरान पक्ष्याला कितीतरी महिने लागतात, मांस घट्ट, शिजायला वेळ लागणारच. ऑर्डर दिल्यावर वीस मिनिटात गावरान रस्सा समोर आला तर समजून जा. खऱ्या ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं, आणि तसं सांगायला लावतात ह्याचा राग धरू नका, तीच खूण आहे.

अजून एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही, रेन डान्स. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय, घागरी घेऊन रांगेत उभं राहिलोय. ह्या भागात एप्रिल-मेमध्ये बोअरचं पाणी वरून शिंपडून त्याखाली नाचायचं आणि त्याला शेतीचा अनुभव म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही. खरा शेतकरी ते पाणी मोसंबीच्या बागेला देईल.

ओळखायचं कसं, तर फोन करून एकच विचारायचं, सध्या रानात काय आहे? रिसॉर्टवाला म्हणेल सगळं मिळंल मॅडम, मेनू व्हॉट्सॲप करतो. शेतावरचं माणूस बोलायलाच लागेल, "हरभरा घाट्यावर आलाय बघा, वांगी चालू हायेत, हुरडा अजून आठ दिवस लागंल, मेथी संपली. मुक्कामाला यायलेत का नुसतं जेवायला?" मेनूकार्ड विचारलं तर त्याला प्रश्नच कळत नाही. पोचल्यावर न लाजता म्हणा, दादा जरा रान दाखवा, आणि जेवणाआधीच फिरून या, म्हणजे ताटातली भाजी उभी असलेली दिसंल.

आणि आपल्याकडूनही थोडं नीट वागणं पाहिजे. पंधरा जण अचानक गाडी वळवून जायचं आणि अर्ध्या तासात जेवण मागायचं, पोरांसाठी पनीर बटर मसाला होईल का म्हणून काकूंच्या मागं लागायचं, ह्यामुळंच चांगली घरंसुद्धा हळूहळू मेनूकार्ड छापायला लागलीत, ते मी बघितलंय. दोन दिवस आधी फोन करा, मोठे किती, लहान किती, उपवास कुणाचा, तिखट कितपत चालतं ते सांगा आणि कूलर आहे का तेही तेव्हाच विचारून घ्या. पंगतीला बसलात की फोटो नंतर काढा, तिकडं काकू तव्यापाशी एकेक भाकरी फुगवून पाठवायल्यात आणि ज्वारीची भाकरी निवली की तिची निम्मी चव जाते.