बटणाचा फोन घेताय? टूजी की फोरजी ते आधी बघा

पोरगं सहावीत गेलं, शिकवणीला सायकलवर एकटं जायला लागलं, की घरात विषय निघतोच: याला फोन द्यायचा का? आणि तोडगाही ठरलेला असतो. "स्मार्टफोन नको, बटणाचा घेऊन टाकू." मग आपल्या सोलापुरात नवी पेठेत जाऊन "साधा फोन दाखवा" म्हणायचं. दुकानदार दोन डबे पुढे ठेवतो. दोन्हींना बटणं, दोन्हींचा स्क्रीन काडेपेटीएवढा. त्यातला जरा चकचकीत उचलला जातो, आणि तो बहुधा फोरजी असतो.

टूजी फोन म्हणजे कॉल, मेसेज, टॉर्च, एफएम, फार तर सापाचा गेम. फोरजीचं तसं नाही. २०१७ साली आलेल्या जिओफोनला बटणंच होती, पण पुढच्या वर्षी त्यावर व्हॉट्सॲप आलं. यूट्यूब, फेसबुकही चालायचं. जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आलेल्या जिओभारत या बटणाच्या फोनचा सुरुवातीचा १२३ रुपयांचा रिचार्ज २८ दिवसांसाठी १४ जीबी डेटा द्यायचा. वर सिनेमे, गाणी आणि यूपीआय. थोडक्यात, आपण जे नको म्हणून बटणाकडे वळलो, तेच लहान पडद्यावर घरी आलं.

माझ्या मते स्मार्टफोन, फोरजी बटणाचा आणि टूजी या तिघांत मुलांसाठी सगळ्यात अडचणीचा फोरजी बटणाचाच. स्मार्टफोनवर निदान गुगलचं फॅमिली लिंक लावता येतं: कुठलं ॲप टाकायचं ते पालकांना विचारूनच, दिवसाला किती वेळ ते ठरलेलं, रात्री फोन बंद, शिवाय फोन कुठे आहे तेही दिसतं. बटणाच्या फोरजीवर फॅमिली लिंक चालत नाही. इंटरनेट आहे, लगाम नाही. टूजीत बहुधा दोन्ही नाही. पोरगं कुठे आहे हे टूजी सांगणार नाही, आणि नको त्या नंबरवरून येणारे कॉलही येतच राहतील. तेवढं धरून चालायचं.

दुकानात ओळखायचं कसं? डब्यावर "४जी" किंवा "व्होल्टी" (VoLTE, म्हणजे फोरजीवरून कॉल) छापलंय का बघा. मग फोन चालू करायला लावून मेनू उघडा आणि ब्राउझर किंवा फेसबुकचं चिन्ह दिसतं का ते स्वतः शोधा, कारण काही टूजी फोनांतही ब्राउझर दडलेला असतो. मेमरी कार्डाची खाच असेल तर मित्राकडचे व्हिडिओ भरून आणता येतात, हेही लक्षात असू द्या.

एक गोची सिमची. जिओचं टूजी नेटवर्कच नाही, त्यामुळे घरात सगळ्यांचं जिओ आहे म्हणून तेच सिम टूजी फोनात घातलं तर काहीच लागणार नाही. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल घ्यावं लागेल. अठराच्या आतल्या मुलाच्या नावावर सिम मिळत नाही, ते पालकांच्याच नावावर निघतं. इथे बरेच जण कपाटातलं जुनं सिम काढून देतात. त्या नंबरला बँक जोडलेली असेल तर ते मुळीच करू नका, सगळे ओटीपी पोराच्या दप्तरात जातील. डेटा नसलेला, फक्त कॉल-मेसेजचा रिचार्जही मिळतो. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ पासून कंपन्यांनी असे प्लॅन काढलेत. हा प्लॅन फोरजी फोनालाही चालतो, पण फोनात वायफाय असलं की शेजारच्या दादाचा हॉटस्पॉट आहेच.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या अभ्यासासाठी मुलाला वेगळा फोन लागत नाही. व्हॉट्सॲपवर नेहमीचं खातं काढायला त्यांचीच अट किमान तेरा वर्षांची आहे. शाळेचा ग्रुप आईच्या फोनवर राहू दे, संध्याकाळी वहीत उतरवून घ्यायचं.

आणि मुळात फोन हवाच का? पोरगं रिक्षानं जातं, रिक्षावाल्या काकांकडे फोन आहे, घरी आजी आहे, तर कुठलाच नको. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर गर्दीत फोनची रिंगही ऐकू येत नाही. तिथे खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी जास्त कामाची. पण आई-वडील दोघंही कामावर आणि शिकवणी सुटायला अंधार, असं असेल तर टूजी घ्या.

घेतलात तर स्पीड डायल त्याच दिवशी लावा. वडील यंत्रमागावर पाळीला असतील तर मागांच्या खडखडाटात त्यांना रिंग ऐकू यायची नाही; म्हणून २ वर आई, ३ वर शेजारच्या काकू, वडील ४ वर. बटणाच्या फोनांत ५ किंवा ९ दाबून धरलं की ११२ या आणीबाणीच्या नंबरला कॉल लागावा असा सरकारी नियम आहे, म्हणून ती दोन बटणं मोकळी सोडा आणि तुमच्या फोनात त्यातलं कुठलं चालतं ते दुकानदाराला विचारून घ्या. हे नंबर पोराकडून एकदा पाठही करून घ्या, फोनची बॅटरी नेमकी संपलेली असते.