वाम घेताना कुठली तुकडी मागाल?

“दादा, हा साप तर नाही ना?” हे काउंटरवर हमखास विचारलं जातं. नाही हो, वाम मासाच आहे. कल्ले आहेत, पाठीवरचा पर शेपटीला वळसा घालून पोटाखाली येतो. खवले तेवढे नसतात. उष्ण समुद्राच्या चिखलट, वाळूच्या तळाशी राहते आणि मासे, कोळंबी, खेकडे खाते. मोठी वाम दोन मीटरच्याही वर जाते. नदीची वाम वेगळी, तिच्या पाठीवर काटे असतात. ती आम्ही ठेवत नाही.

जबडा लांब, आणि टाळूच्या मधोमध टोकदार दातांची रांग. बोटीवर घेतल्यावरही ती बराच वेळ जिवंत राहते आणि कडकडून चावते, म्हणून खलाशी तोंडाकडे हात नेत नाहीत. डोकं आम्ही काढूनच देतो. पोटातली हवेची पिशवीही आधीच निघालेली असते. ती वाळवून परदेशी जाते, चिनी लोकांत तिला मोठी मागणी आहे. वजन या साफसफाईनंतरच करतो.

आता महत्त्वाचं. पोटाकडची तुकडी जाड, चरबीची. काटे मोठे, सहज निघणारे. तळायला आणि लहान मुलांना तीच घ्या. शेपटीकडे बारीक काटे फार, ती स्वस्त लावतो. कालवणाला चव मात्र तिचीच, असं आमचं मत. जपानात क्योतोचे लोक जुलैतल्या गिओन उत्सवात वामीची एक जातभाई, ‘हामो’, आवडीने खातात. तिथले आचारी कातडी शाबूत ठेवून 3 सेंटीमीटरात 24 च्या आसपास चिरा देतात, म्हणजे काटा जिभेला लागत नाही. आमच्या कोयत्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका!

घरी नेल्यावर तुकड्यांना मीठ आणि तांदळाचं पीठ चोळून धुवा, बुळबुळीतपणा जातो. मांस चरबीचं, त्यामुळे आमसूल आणि ठेचलेली लसूण हात सैल सोडून घाला.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा आमच्याकडे सुकी वाम मिळेल. ती खारवलेली असते. पाणी बदलत भिजवा आणि कालवणात मीठ चाखूनच घाला.